खान्देशातून पहिल्यांदा समुद्राला जाताय? तिकिटाआधी तिथी बघा

आमच्या अमळनेरला बोरी नदी आहे. पावसाळ्यात ती वाहते, एरवी पोरं तिच्या पात्रात क्रिकेट खेळतात. आईनं सत्तरी ओलांडली तरी तापीच्या पुराहून मोठं पाणी तिनं पाहिलं नव्हतं. म्हणून पोरांनी बेत केला: पौर्णिमा धरून बोर्डीला जायचं, आजीला चांदण्यातला समुद्र दाखवायचा.

संध्याकाळी साडेपाचला किनाऱ्यावर पोचलो. समोर नुसती ओली, करडी, सपाट वाळू आणि पार लांब एक पांढरी रेघ. आई सुरूच्या झाडाला हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, पानी कथा गयं?"

पाणी रात्री अकराला आलं, अगदी सुरूंच्या जवळ. तोवर आम्ही जेवून आडवे झालो होतो. आवाजानं आई तेवढी उठून बसली आणि मला हलवून विचारायला लागली, एवढ्या रात्री मळणीयंत्र कोणी लावलंय?

त्यानंतर तीनदा जाऊन आलो. चुका करून झाल्या, त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहितोय. बोर्डी पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, गुजरातच्या हद्दीला लागून आहे.

१. आधी भिंतीवरची दिनदर्शिका काढा

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊणेक तासानं पुढे सरकते. चंद्राचं काम असल्यामुळे ती तिथीवरून कळते. कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या एक तोंडी हिशोब करतात: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा.

- पंचमी: ५ × ३ ÷ ४ = ३.७५, म्हणजे पावणेचार.
- सप्तमी: ७ × ३ ÷ ४ = ५.२५, म्हणजे सव्वापाच.
- पौर्णिमा: १५ × ३ ÷ ४ = ११.२५, म्हणजे सव्वाअकरा.

ही वेळ दुपारचीही आणि रात्रीचीही. तिच्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमेला साडेपाचला आम्हाला वाळू का दिसली, ते आता कळलं असेल.

गणितात दोन ठिकाणी लोक फसतात. ३.७५ म्हणजे तीन वाजून पंच्याहत्तर मिनिटं नव्हे. आमच्या पुतण्यानं खरंच तसं धरलं होतं. दुसरं, अमावास्येला दिनदर्शिकेत ३० छापलेलं असतं, ते १५ धरायचं. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना गणित एकच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर डहाणूचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून घ्या.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि तितकंच लांब उतरतं. अष्टमीच्या आसपास असते ती भांगाची भरती. चढउतार कमी, पाणी त्या मानानं शांत. बरोबर म्हातारी माणसं आणि पोरं असतील तर षष्ठी, सप्तमी किंवा अष्टमी गाठा. दुपारी साडेचार ते सहाच्या दरम्यान पाणी भरलेलं मिळतं, आणि हिवाळ्यात सूर्यही त्याच सुमारास बुडतो. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान ओहोटी असते, तेव्हा वाळूत फिरायचं.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात आपल्याकडच्या ४४ अंशांतून सुटका होईल असं वाटतं, पण तिथं घाम वाळतच नाही. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचा विचारसुद्धा नको.

२. बोर्डीच का

आपल्याला जवळचा समुद्र खरं तर सुरतचा. आपली तापी हजिरा-डुमसच्या बाजूला समुद्राला मिळते, हे आईला सांगितलं तेव्हा तिला डुमसच बघायचं होतं. पण सुट्टीच्या दिवशी अख्खं सुरत डुमसला लोटतं. शांतता हवी असेल तर ती जागा नव्हे.

बोर्डीला सुरूची रांग आहे, मागे चिकूच्या वाड्या आहेत, आणि मधल्या वारी गेलात तर अर्धा तास चालूनही चार माणसं दिसतात. डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्र सरकारनं पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला, त्यामुळे कारखान्यांना आळा बसला आणि वाड्या टिकल्या. खाली वाढवणला मोठं बंदर होऊ घातलंय, २०२४ मध्ये त्याचं भूमिपूजनही झालं. तेव्हा जायचं असेल तर लवकर जाऊन या, असं आपलं माझं मत.

एक आधीच सांगतो. निळंशार पाणी, पांढरी वाळू असलं काही इथं नाही. पाणी गढूळ, वाळू करडी. फोटोसाठी जाणार असाल तर हिरमोड होईल.

३. जायचं कसं

रेल्वेनं: भुसावळ, जळगाव, धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर हा आपला तापी खोऱ्यातला रेल्वेमार्ग उधन्याला जाऊन मिळतो. तिथून दक्षिणेकडे, मुंबईच्या दिशेनं: नवसारी, वलसाड, वापी, संजाण, उंबरगाव रोड, घोलवड, डहाणू रोड. बोर्डीला सगळ्यात जवळचं स्टेशन घोलवड, दोन-तीन किलोमीटरवर. पण ते लहान आहे. तिथं थांबणाऱ्या गाड्या कमी. डहाणू रोडला थांबणाऱ्या जास्त, आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं नरपड, चिखले करत बोर्डीला यायला साधारण सतरा किलोमीटर. रस्ता इतका छान आहे की मी मुद्दाम डहाणू रोडलाच उतरतो.

इथला सापळा म्हणजे उधना आणि सुरत. ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, मध्ये चार-पाच किलोमीटर. आपल्याकडच्या काही गाड्या उधन्यालाच संपतात, काही उधन्यावरून परस्पर मुंबईकडे वळतात. लोक पुढचं तिकीट सुरतहून काढतात आणि पहाटे बॅगा घेऊन उधन्याच्या फलाटावर रिक्षा शोधत फिरतात. पहिली गाडी कुठे सोडते ते बघा, मग दुसरी ठरवा, आणि मध्ये किमान दोन तास ठेवा. भुसावळहून नंदुरबारमार्गे मुंबईकडे जाणारी खान्देश एक्सप्रेस मिळाली तर गाडी बदलायचा ताप वाचतो. फक्त ती रोज नाही, म्हणून तिचे वार आणि थांबे तपासूनच बेत करा.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी ते १२० दिवस होतं, त्या हिशोबात राहू नका. आणि रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे. आमच्या तात्यांना अजून ते पटत नाही.

एसटीनं किंवा गाडीनं: धुळे, मालेगाव, नाशिक, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी, डहाणू. जव्हारचा रस्ता वळणावळणाचा आहे. गाडी लागणाऱ्याला पुढे बसवा आणि अंधार पडायच्या आत घाट उतरा. एसटीचा एक फायदा असा की सगळा प्रवास महाराष्ट्रातून होतो. बायकांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाला अर्धं आणि ७५ च्या पुढे मोफत, या सवलती शेवटपर्यंत चालतात. नाशिकला गाडी बदलावी लागते; पुढच्या गाडीची वेळ तिथल्या चौकशी खिडकीवर विचारा.

रेल्वेनं गेलात तर नवापूरला खिडकीतून बघा. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. एका बाकाचेसुद्धा दोन राज्यांत दोन भाग झालेत.

४. खोली ठरवताना फोनवर काय विचारायचं

बोर्डीत हॉटेलंही आहेत आणि वाडीतली घरगुती सोयही. मी घरगुती घेतो. फोनवर चार गोष्टी विचारून घ्या.

पहिली, "किनारा चालत किती मिनिटं?" 'किनाऱ्याजवळ' हा शब्द ऐकून पैसे पाठवू नका. आम्ही एकदा पाठवले. ते 'जवळ' दीड किलोमीटर निघालं आणि आईला रोज रिक्षा करावी लागली. दुसरी, "आवारात बाहेर नळ आहे का?" समुद्रावरून आल्यावर अंगावरची वाळू बाहेरच धुवायची असते, नाहीतर खोलीतली मोरी तुंबते आणि मालक रागावतो. रागवायला त्याला कारण असतं. तिसरी, "जेवण कळवावं लागतं का?" बहुतेक ठिकाणी लागतं, आणि किती माणसं मांसाहारी तेही आधी सांगावं लागतं. चौथी, "खाली खोली मिळेल ना?"

शनिवार-रविवार मुंबईची माणसं येतात. सोमवार ते गुरुवार गेलात तर गावही शांत आणि भावही उतरलेले.

५. पिशवीत काय

कागदपत्रं: प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ आधार कार्ड. फोनमधला फोटो काही ठिकाणी चालवून घेत नाहीत. एसटीच्या सवलतीसाठी ज्येष्ठांचं वय दाखवणारं ओळखपत्र, गाडी नेत असाल तर तिची कागदपत्रं आणि पीयूसी, रोजच्या गोळ्या आणि त्यांची चिठ्ठी.

सामान: रबरी किंवा प्लास्टिकच्या चपला (चामड्याची कोल्हापुरी खाऱ्या पाण्यात एका दिवसात आखडते, माझी गेली), कपड्यांचे दोन जोड जास्तीचे, जुनी चादर, फोनसाठी झिपची प्लास्टिक पिशवी, गोड्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन, खोबरेल तेल, बॅटरी, आणि सुटे पैसे. शंभर-पन्नासच्या नोटा बऱ्याच ठेवा. वाडीत रेंज गेली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

बायकांसाठी एक सांगणं, सौ.नं मुद्दाम लिहायला लावलंय: साडी नेसून पाण्यात जाऊ नका. भिजलेली साडी पायांत गुंडाळली जाते आणि लाट आली की सावरता येत नाही. पंजाबी ड्रेस घाला, ओढणी किनाऱ्यावर ठेवा.

६. पाण्यात उतरताना

हा भाग घाईनं वाचू नका.

आपल्याकडे पोहणारी पोरं विहिरीत शिकलेली. काठावरून सूर मारणारी, मुडावदला नाही तर प्रकाशाला तापीत डुंबणारी. त्यांनाच समुद्राचा धोका जास्त, कारण त्यांना भीती नसते. विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राचं पाणी तुम्हाला घेऊन चालतं. कळतसुद्धा नाही की आपण चपला जिथं काढल्या तिथून पन्नास पावलं बाजूला आलोय.

उतरायचं ते भरती चढत असताना, पूर्ण भरायच्या आधीच्या दोन तासांत. तेव्हा पाणी किनाऱ्याकडे ढकलतं. भरती पूर्ण झाली, पाणी परतायला लागलं, की बाहेर यायचं, मग पोरं कितीही रडोत. ओहोटीचं पाणी आत ओढतं. खोली मांडीपर्यंत, फार तर कमरेपर्यंत. शांत किनाऱ्यावर जीवरक्षक असेलच असं धरू नका. शांततेची ती दुसरी बाजू. दारू प्यालेल्या माणसाला पाण्यात सोडायचं नाही, तो जावई असला तरी. अडचण आली तर ११२ लावा, आणि त्याआधी जवळच्या मच्छीमाराला हाक मारा. तो पोलिसांच्या आधी पोचतो.

म्हाताऱ्या माणसाला घेऊन उभं राहायचं तर दोन्ही बाजूंनी धरा. लाट मागे जाताना टाचांखालची वाळू सरकते आणि जमीनच हलल्यासारखी वाटते. आईला दुसऱ्या वेळी तसंच झालं. तिनं माझं मनगट असं पकडलं की बांगडीचा वळ उठला. पण हलायला तयार नाही. पाच-सहा लाटा तशाच घेतल्या, मग खाली बसली, पदराचं टोक भिजवून डोळ्यांना लावलं आणि ओठ चाखून म्हणाली, "खारंच शे रे."

ओहोटीला पाणी अर्धा किलोमीटरभर आत जातं. तेव्हा त्याच्यामागे चालत जाण्यात मजा आहे, पण तिथंही घड्याळ बघा; सपाट किनाऱ्यावर भरती परतते ती भराभर. खडकाळ जागी कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) असतात, त्यांची धार ब्लेडसारखी, चपला काढू नका. आणि चालताना मध्येच खाली वाका. नखाएवढे खेकडे ओली वाळू चाळून तिच्या मोहरीएवढ्या गोळ्या बिळाभोवती टाकत असतात. पाऊल वाजलं की सगळे गुडूप. दोन मिनिटं न हलता बसलात तर एकेक बाहेर येतो आणि तुमच्यासमोर रांगोळी पुढे सुरू होते. आमची नात मोबाइल विसरून अर्धा तास तिथं बसली होती.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे ओल्या वाळूवर गाडी नेणं. वर टणक दिसते, थांबलात की चाक बसतं. पहिल्या खेपेला पुतण्यानं फोटोसाठी गाडी खाली नेली. चाकं अर्धी रुतली, आणि साडेसहानंतर पांढरी रेघ हळूहळू जवळ यायला लागली. आम्ही आठ जण ढकलतोय, पोरं हातांनी वाळू उपसताहेत, आई वरून ओरडतेय. शेवटी गावातून ट्रॅक्टर आला. त्याला किती पैसे दिले ते इथं लिहीत नाही, कारण हा लेख घरीही वाचतात.

७. जेवण

तिथलं जेवण आपल्या मानानं फिकं. गुजरातचा हात जवळ असल्यानं डाळीत गूळही सापडतो. घरून शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि दोन दिवस टिकतील अशा दशम्या न्या. कळण्याची भाकरी नेऊ नका, दमट हवेत दुसऱ्या दिवशी तिला वास येतो.

मासे खाणाऱ्यांनी बोंबील चुकवू नये. आपल्याला बोंबील म्हणजे आठवडे बाजारातली वाळलेली काडी, भाजून कुटून चटणीत घालायची. तोच बोंबील ओला पाहिला तर ओळखू येत नाही: मऊ, ओलसर, तळला की आत लोण्यासारखा. बोर्डीच्या पुढे झाईकडे कोळीवाड्यात गेलात तर बांबूवर आडव्या बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात, दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून. आपल्या बाजारातली काडी अशाच कुठल्या दोरीवरून येते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताजं म्हणून सांगतील ते ताजं नसतं.

८. दुसऱ्या दिवशी काय

सौ. अंगणवाडी सेविका. तिला बोर्डीचं नाव समुद्रामुळे नव्हे, ताराबाई मोडकांमुळे माहीत. ताराबाईंनी १९४५ मध्ये इथं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. आदिवासी पोरं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीनं त्यांच्या अंगणात जायचं, या विचारातून अंगणवाडी निघाली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. टेकडी जवळच आहे, रिक्षानं जाऊन येता येतं. सौ. तिथं बराच वेळ गप्प उभी होती.

बाकी भराभर: उदवाड्याला पारशी अग्निमंदिर आहे, पण आत फक्त पारशांना प्रवेश, गाव बघायला जा. बारडाच्या डोंगरावर बहरोटची लेणी आहेत, चढ दमवणारा आहे, गुडघेदुखीवाल्यांनी सोडून द्या.

९. परत येताना

चिकू घ्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पण पिकलेला घेऊ नका, अमळनेरपर्यंत त्याचा लगदा होतो. कडक चिकू मागा, पेटी न घेता खोक्यात वर्तमानपत्र घालून भरून घ्या. घरी गव्हाच्या कोठीत ठेवले की तीन-चार दिवसांत पिकतात.

दमणच्या बाजूनं कोणी 'स्वस्तात' बाटली घेऊन दिली तर नम्रपणे नाही म्हणा. आपली परतीची गाडी गुजरातमधून जाते आणि तिथं दारूबंदी आहे. तपासणीत सापडली तर सगळी सहल पोलीस ठाण्यात.

स्वतःची गाडी असेल तर घरी पोचल्यावर खालून गोड्या पाण्यानं धुवून घ्या, खारी वाळू पत्रा खाते. आणि सुके बोंबील घेतलेत तर तीन पिशव्यांत गुंडाळून डब्यात बंद करा. आम्ही एका पिशवीत आणले होते. नंदुरबार येईपर्यंत समोरच्या बाकावरची मंडळी दुसऱ्या डब्यात गेली होती.